चाकू गेला, पण चिमटा राहिला

लोक पोस्टाची तिकिटे जमवतात, नाणी जमवतात, आमच्या शेजारचे एक गृहस्थ तर नुसत्या लग्नपत्रिका जमवतात आणि पुढे त्या जोडप्याचे काय झाले ते पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने टिपून ठेवतात. माझा संग्रह त्या मानाने निरुपद्रवी. चष्म्याच्या एका जुन्या डबीत तो सगळाच्या सगळा मावतो. दोन चिमटे, चार दातकोरणी, एक टाचणी, करंगळीच्या पेराएवढा एक स्क्रूड्रायव्हर आणि खराट्याचा एक हीर. पाहुण्यांना डबी उघडून दाखवली की ते आधी डबीकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी आमच्या सौभाग्यवतींकडे बघतात. त्या तिसऱ्या नजरेत सहानुभूती असते.

हे सगळे खिशातल्या चाकूचे सुटे भाग आहेत. लाल मुठीवर पांढरा क्रॉस असलेला तो स्विस चाकू तुम्ही पाहिला असेल. पाती, आरी, डबा उघडायचे हत्यार हे सगळे चाकूला खिळ्यांनी जखडलेले असते. पण मुठीच्या कडेला दोन बारीक खाचा असतात. एकीत चिमटा, दुसरीत दातकोरणे. नखाने ओढले की बाहेर येतात, ढकलले की आत जातात. एकत्र कुटुंबात वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू असावेत तसे हे दोघे. घरचे म्हणवतात, पण कधी उठून जातील त्याचा नेम नाही. माझ्या डबीतल्या वस्तू अशाच उठून आलेल्या आहेत. ज्या चाकूतून त्या आल्या तो चाकू मात्र माझ्याकडे नाही. तो कसा गेला हे सांगण्याआधी आला कसा हे सांगायला हवे, आणि त्यासाठी जरा स्वित्झर्लंडला जावे लागेल. घाबरू नका, मीसुद्धा गेलेलो नाही.

कार्ल एल्सनर हा टोप्या करणाऱ्या घरातला मुलगा, जन्म १८६०चा. टोप्यांऐवजी त्याने चाकू करायचे मनावर घेतले, पॅरिसमध्ये आणि जर्मनीतल्या टुटलिंगेनमध्ये उमेदवारी केली आणि १८८४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, श्विझ प्रांतातल्या ईबाख गावी ओढ्याच्या पाण्यावर यंत्र फिरवून कारखाना काढला. आज स्वित्झर्लंड म्हटले की आपल्यासमोर चॉकलेट, घड्याळ, बँक आणि बर्फात शिफॉनची साडी नेसून नाचणारी हिंदी नटी येते. त्या काळी त्या डोंगराळ मुलुखात कामच नव्हते. पोरे बोटीत बसून अमेरिकेला चालली होती. एल्सनरला त्यांच्या हाताला गावातच काम द्यायचे होते.

त्याच सुमारास तिथल्या सैन्याने ठरवले की प्रत्येक शिपायाला एक घडीचा चाकू द्यायचा. कारण मोठे संसारी होते. जेवण डब्यात बंद होऊन यायला लागले होते आणि १८८९ साली जी नवी बंदूक आली होती ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागे. म्हणजे शत्रूच्या आधी डबा आणि बंदूक या दोन गोष्टी उघडणे भाग होते. पाते, आरी, डबाफोडणे आणि स्क्रूड्रायव्हर असा चार हत्यारांचा, काळसर लाकडी मुठीचा चाकू १८९०मध्ये मुक्रर झाला. आणि एवढे मोठे काम करणारा कारखाना देशात नाही म्हणून पहिली ऑर्डर गेली जर्मनीत, झोलिंगेनला! स्विस सैन्याचा पहिला चाकू जर्मन होता, ही गोष्ट स्विस माणसाला सांगितली तर तो घड्याळात बघतो.

एल्सनरला हे झोंबले. त्याने देशातल्या चाकूवाल्यांची संघटना बांधली आणि १८९१ साली सैन्याला देशी चाकू दिले. पण झोलिंगेनचा माल स्वस्त पडे. संघटनेतले बाकीचे सभासद, संघटनेतले सभासद जसे जातात तसे, एकेक करून गेले. एल्सनर एकटा उरला, कर्जात बुडाला आणि नातेवाइकांनी हात दिला म्हणून वाचला. हे वाचताना मला एकदम आमच्याकडचे, खादी भांडाराच्या पायऱ्या झिजवणारे लोक आठवले. त्यातले एक आमच्याच घरात होते. ते पुढे येतीलच.

शिपायाचा चाकू जड होता. अधिकाऱ्यांसाठी काही नाजूक करावे म्हणून एल्सनरने डोके चालवले. घडीच्या चाकूत पात्याला उघडे किंवा मिटलेले धरून ठेवते ती पाठीची स्प्रिंग. त्याने एकाच स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी कामाला जुंपले. पोटाकडून पाते, पाठीकडून आणखी एक हत्यार. एका पगारात दोन कामे. आपल्या शिक्षणखात्याला ही युक्ती पूर्वीपासून माहीत आहे, पण एल्सनरने १२ जून १८९७ रोजी तिची सरकारदरबारी रीतसर नोंद केली. या चाकूत दोन हत्यारे वाढली. एक छोटे पाते आणि दुसरा कॉर्कस्क्रू. गंमत म्हणजे सैन्याने हा चाकू कधी अधिकाऱ्यांना वाटलाच नाही. युद्धाला जाताना बाटलीचे बूच काढायचे हत्यार सरकारी खर्चाने कसे द्यायचे, असा प्रश्न पडला असेल. अधिकाऱ्यांनी तो पदरच्या पैशाने घेतला आणि मग सगळ्या जगाने घेतला.

तेव्हा जग ज्याला ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणते तो स्विस आर्मीचा नाहीच. आर्मीच्या चाकूत कॉर्कस्क्रू नव्हता, चिमटा नव्हता, दातकोरणे नव्हते. २००८ साली सैन्याने नवा चाकू घेतला, त्यातही ही जोडी नाही. आणि ते इंग्रजी नाव ठेवले अमेरिकन सोल्जरांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी हे चाकू घरी न्यायला ढिगाने घेतले, पण ‘श्वाइत्सर ऑफित्सिअर्समेसर’ हा उच्चार करताना दातकोरण्याची गरज पडायला लागली. तेव्हा त्यांनी सोपे नाव ठेवून दिले.

एल्सनरची आई व्हिक्टोरिया १९०९ साली वारली तेव्हा त्याने मालाला आईचे नाव दिले. १९२१मध्ये न गंजणारे पोलाद आले, त्याचे फ्रेंच नाव ‘इनॉक्स’ आईच्या नावाला जोडले आणि झाले ‘व्हिक्टोरिनॉक्स’. आपल्याकडे ‘मातृछाया’ असते तसेच हे, फक्त गंजत नाही. पलीकडे फ्रेंच बोलणाऱ्या भागात वेंगर नावाचा दुसरा कारखाना होता. १९०८ साली सरकारने प्रांताप्रांतांत भांडण नको म्हणून ऑर्डर निम्मी निम्मी वाटून दिली. मग एक म्हणे आमचा ‘ओरिजिनल’, दुसरा म्हणे आमचा ‘जेन्युइन’. आपल्याकडे एकाच गल्लीतल्या दोन भेळवाल्यांच्या ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ अशा पाट्या असतात, तसे ते जवळजवळ शतकभर चालले. २००५मध्ये पहिल्याने दुसऱ्याला विकत घेतले आणि पुढे पाटी एक झाली.

आता आमच्या घरी येऊ.

१९७६ साली आमच्या मामाला त्याच्या कंपनीने सहा महिने ट्रेनिंगला स्वित्झर्लंडला पाठवले. परतताना त्याने आईला शाल, मला चॉकलेट आणि आमच्या अप्पांना हा चाकू आणला. अप्पा म्हणजे खादी, दोन वेळची संध्या आणि एका वेळचा चहा. परदेशी वस्तू घरात नको, असा नियम. पण मेहुण्याने आणलेली, आईसमोर दिलेली. त्यांनी चाकू हातात घेतला, एकेक हत्यार उघडून पाहिले, कॉर्कस्क्रूपाशी थांबले.

“हे कशाला?”

“बूच काढायला, दाजी,” मामा म्हणाला.

“कसलं बूच?”

मामा गप्प झाला. आई म्हणाली, “औषधाच्या बाटलीचं असेल.” आणि तो प्रश्न मिटला. पण नखाने ओढून चिमटा आणि दातकोरणे बाहेर काढले तेव्हा मात्र अप्पांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखा आनंद दिसला. “अरे, हे तर आमच्या आजोबांच्या जानव्याला होतं!”

होतेच. आमच्या पणजोबांच्या जानव्यात तिजोरीच्या किल्लीशेजारी चांदीचे एक जुडगे असायचे. एका कडीत कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा. आणि या कल्पनेवर पणजोबांचाही हक्क पोचत नाही. हडप्पाच्या उत्खननात तांब्या-काशाचे असेच तिघांचे जुडगे मिळाले आहे, कान कोरायला एक, टोचायला एक आणि चिमटा. मेसोपोटेमियात ऊर आणि किश या ठिकाणी अगदी त्याच्या भावंडांसारखी जुडगी निघाली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिंधूकाठचा माणूस आणि युफ्रेटिसकाठचा माणूस, दोघांचेही कान खाजत होते आणि दोघांनीही एकाच तऱ्हेने सोय केली होती. हडप्पाची लिपी अजून वाचता आलेली नाही, पण हे वाचायला लिपी कशाला हवी?

रोमन लोकांनी पुढचे पाऊल टाकले. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले चांदीचे एक घडीचे साधन आहे. लोखंडी पाते, चमचा, काटा, टोच्या, उलथन्यासारखी पट्टी आणि दात कोरायला एक टोक. सगळे मिटून एका मुठीत. एल्सनरसाहेबांच्या आधी सोळा-सतराशे वर्षे!

हे मी एकदा जेवताना सांगत होतो तर सौ. म्हणाली, “आणि आमची विळी?”

“विळीचं काय?”

“पातं मिटतं. टोकाला खवणी आहे. बसायला पाट आहे. तुमच्या रोमन माणसाला बसायला पाट होता का?”

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. खरोखरच भाजी चिरता चिरता जागेवरून न उठता नारळ खवून देणारे हत्यार जगात दुसरे दाखवा. फक्त ते खिशात मावत नाही.

जोडहत्यारे ज्या गावची असतात त्या गावच्या अडचणी सांगतात. फ्रान्समध्ये लागिओल गावचा चाकू १८२९पासूनचा. १८४०च्या सुमारास त्याला एक लांब टोच्या जोडला गेला. कशाला? तर ओला चारा खाऊन गाईचे पोट फुगले की धनगराने ते तिथल्या तिथे टोचून वायू मोकळा करावा. आणि १८८०मध्ये त्याला कॉर्कस्क्रू आला, कारण पोरे पॅरिसच्या खाणावळींत नोकरीला गेली. म्हणजे बापाच्या चाकूत गाय आणि लेकाच्या चाकूत बाटली. आपल्या गावाकडच्या तीन पिढ्यांचा इतिहास याहून थोडक्यात कोणी लिहिला असेल तर मला ठाऊक नाही.

अप्पांनी तो चाकू बावीस वर्षे वापरला. आंबा, पेन्सिल, पोस्टाने आलेल्या पुडक्याची सुतळी. चिमट्याने तर वाड्यातल्या तीन पिढ्यांच्या पायांतले काटे काढले. संध्याकाळी क्रिकेट संपले की पोरे लंगडत ओट्यावर येत. अप्पा चिमटा दिव्याच्या ज्योतीवर धरत, पोराला पावकी म्हणायला लावत आणि पाव सातेपर्यंत काटा बाहेर असे. कॉर्कस्क्रू कुचंबला होता. पुढे एकदा लेंग्याच्या नाडीची निरगाठ त्याच्या टोकाने सुटली आणि तेव्हापासून तो ‘नाडीचे हत्यार’ म्हणून समाजात वावरू लागला.

दातकोरणे मात्र पहिल्याच वर्षी गेले. ते मी घालवले.

हे वाक्य लिहायला मला चाळीसहून अधिक वर्षे लागली. १९७७च्या डिसेंबरात कॉलेजच्या मित्रांबरोबर राजमाचीला गेलो होतो. अप्पांना न विचारता चाकू उचलला. मित्रांसमोर एकेक हत्यार उघडून मिरवले. दातकोरणे काढून एकाला दिले, त्याने दुसऱ्याला दिले, मग पिठल्याचा वास आला आणि पुढचे कोणाच्याच लक्षात नाही. हस्तिदंती रंगाची प्लॅस्टिकची ती काडी, वाळलेल्या गवतात काय सापडणार! घरी आलो, चाकू होता तिथे ठेवला.

चार दिवसांनी अप्पांच्या लक्षात आले. त्यांनी रिकाम्या खाचेत नख घालून पाहिले. मी समोर अभ्यास करत होतो, म्हणजे पुस्तक धरून बसलो होतो. अप्पांना आपला मुलगा असे काही करील याची शंकाही आली नाही. त्यांनी वेगळाच निष्कर्ष काढला. “तुझ्या भावानं चाकू आणला खरा,” ते आईला म्हणाले, “पण दातकोरणं काढून घेतलेलं दिसतंय.”

“अहो, आणला तेव्हा होतं की. तुम्हीच काढून बघितलं होतं.”

“तेव्हा दाखवायला होतं. नंतर काढून घेतलं असेल, दिवाळीला आला होता ना!”

यात काही तर्क नव्हता. पण बायकोच्या भावाविषयी मत बनवायला तर्क कोणाला लागतो? आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी पुस्तक उलटे धरले आहे हे माझ्या लक्षात आले, पण सरळ करायची हिंमत झाली नाही.

अप्पांनी मग खराट्याचा एक हीर काढला, पॉलिश पेपरने घासला, खाचेत घालून पाहिला, पुन्हा घासला. दोन रविवार गेले. शेवटी जाड टोक नखाला लागेल इतके बाहेर ठेवून तो चपखल बसवला. आणि दर भाऊबीजेला मामा जेवून पानसुपारीला बसला की अप्पा खिशातून चाकू काढत, हीर ओढत, मामाकडे न बघता दात कोरत आणि हीर पुसून परत आत घालत. एक शब्द बोलत नसत. आई तोपर्यंत ताटे उचलायला गेलेली असे. वीस भाऊबीजा मी हे पाहिले. दर वेळी वाटे, आता सांगावे. पण पहिल्या वर्षी सांगितले असते तर दोन थोबाडीत बसल्या असत्या. पाचव्या वर्षी सांगितले असते तर अप्पांची पाच वर्षे फुकट गेली असती. विसाव्या वर्षी मी स्वतः बाप होतो. आणि बापाने असे कबूल करायचे म्हणजे पोराला काय उदाहरण, अशी सोयीची सबब हाताशी होती.

भरपाई म्हणा, मी चाकूच्या सुट्या भागांच्या मागे लागलो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा मारल्या. तिथे या जातीचे चाकू मिळत, पण दातकोरण्याची खाच हमखास रिकामी. जगभर सगळ्यांचे तेच हरवते हे पाहून मला जरा बरे वाटले. एकदा एक चिमटा मिळाला, आनंदाने घरी आणला तर बसेना. तेव्हा कळले की यात दोन मापे आहेत, मोठ्या चाकूंचे एक आणि किल्लीला लावायच्या ५८ मिलिमीटरच्या पिटुकल्याचे दुसरे. तो पिटुकल्याचा होता. तिथेच पुढे टाचणी सापडली. काही चाकूंच्या मुठीत तिच्यासाठीसुद्धा एक भोक ठेवलेले असते. कंपनीने ती कशासाठी दिली असेल ते असो, हल्ली नातू तिने मोबाइलचे सिमकार्ड काढतो.

पण खरा शोध होता तो पेराएवढा स्क्रूड्रायव्हर. त्याच्या अंगाला असा पीळ असतो की तो कॉर्कस्क्रूच्या वेटोळ्यात फिरवत नेला की आत जाऊन बसतो. रिकाम्या जागेत भाडेकरू ठेवायची ही कला फक्त स्विस लोकांना आणि सदाशिव पेठेला साधली आहे. तो चष्म्याच्या स्क्रूसाठी असतो. अप्पांच्या चष्म्याची डावी काडी कित्येक वर्षे दोऱ्याने बांधलेली होती. १९९६ साली एका ओळखीच्यांबरोबर मी तो मागवला आणि अप्पांच्या कॉर्कस्क्रूत बसवून दिला. अप्पांनी चष्मा सोडवला, स्क्रू पिळला, दोरा काढून खुंटीला अडकवला आणि बराच वेळ कॉर्कस्क्रूकडे बघत राहिले. वीस वर्षांनी त्याचे घरातले स्थान निश्चित झाले होते. त्यानंतर वाड्यातले एकूण एक चष्मे त्यांनी पिळले. काहींच्या काड्या इतक्या घट्ट झाल्या की चष्मा मिटेना.

“दातकोरणं नाही मिळालं का रे?” त्यांनी सहज विचारले.

“नाही,” मी म्हणालो. खोटे नव्हते. सुटी दातकोरणी विकत मिळतात, कंपनीच विकते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पण घशाशी आलेले पुन्हा खाली गेले. १९९८मध्ये अप्पा गेले. चाकू माझ्याकडे आला, हीर आत होताच.

२००६ साली मुलीकडे बंगलोरला निघालो. सामानाची मोठी बॅग आधीच पुढे गेलेली. खांद्यावरच्या पिशवीत, नेहमीच्या सवयीने, चाकू. तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि जवानाने ती मागे घेतली.

“सर, ये नहीं जाएगा.”

११ सप्टेंबर २००१नंतर सगळ्या जगात हा नियम झाला होता. त्या एका दिवसाने ईबाखच्या कारखान्याची विक्री एकदम खूप खाली आली, कारण विमानतळावरची दुकाने हेच त्यांचे मोठे गिऱ्हाईक. तरी त्यांनी एकाही माणसाला काढले नाही. काम नव्हते तेव्हा आपले कामगार आसपासच्या कारखान्यांना उसने दिले. नियम मला माहीत होता. पण नियम चाकूंना असतो, अप्पांच्या चाकूला कसला नियम, असे काहीतरी डोक्यात असावे. १९९५ साली ख्रिस हॅडफील्ड नावाच्या कॅनेडियन अंतराळवीराने रशियन अंतराळस्थानकाचे दार याच चाकूने उघडले होते. अंतराळात जो चाकू चालतो तो बंगलोरला का चालू नये? हा मुद्दा मी मांडला नाही. मागे रांगेत चाळीस माणसे होती.

जवान सभ्य होता. म्हणाला, कोणी पोचवायला आले असेल तर त्यांना देऊन या. कोणी आले नव्हते. समोर एका ट्रेमध्ये कात्र्या, नेलकटर, दाढीची पाती यांचा ढीग. मी म्हणालो, “एक मिनट.” चाकू घेतला. आधी चिमटा काढला. मग कॉर्कस्क्रूतून स्क्रूड्रायव्हर उलटा फिरवत बाहेर घेतला. हात थरथरत होते, त्याला वेळ लागला. मागून कोणीतरी “ओ काका” म्हणाले. शेवटी नखाने हीर ओढला. जवान तो हीर बघत राहिला.

“ये क्या है?”

“झाडू की काडी,” मी म्हणालो.

त्याने तिन्ही वस्तू उलटसुलट करून पाहिल्या. चिमट्याला हरकत नव्हती, स्क्रूड्रायव्हर इतका लहान की त्याला तो दिसल्यासारखाच नव्हता आणि झाडूच्या काडीबद्दल नियमच नव्हता. चाकू ट्रेमध्ये पडला त्याचा आवाज मी अजून ऐकतो. विमानात मी तिन्ही वस्तू चष्म्याच्या डबीत ठेवल्या. माझा संग्रह तिथून धरायचा. परवा परवा, २०२४ साली, एल्सनरच्या पणतवाने जाहीर केले की देशोदेशीच्या कायद्यांमुळे आम्ही आता पात्याविना चाकू करतो आहोत. मला हसू आले. तो माझ्याकडे अठरा वर्षे आहे.

परत आल्यावर मी मामाकडे गेलो. मामा तेव्हा ऐंशीला टेकला होता. कबुली द्यायला बाप उरला नाही, आई त्याच्या आधीच्या वर्षी गेली, चाकूही गेला. उरला तो एक मामा. मी त्याला राजमाचीपासून सगळे सांगितले. अप्पांना त्याच्याबद्दल काय वाटत होते तेही सांगितले आणि माफी मागितली. मामा ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलला आणि माझ्या लक्षात आले की आपण काय करून बसलो. त्याला यातले काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हते.

“म्हणजे दाजींना असं वाटत होतं होय?” तो म्हणाला. “वीस वर्षं?”

“हो.”

“आणि ते दर भाऊबीजेला तो हीर काढून...”

“हो.”

“मला वाटायचं, स्वदेशी!” मामा म्हणाला. “मी ऑफिसात सांगायचो रे लोकांना. आमचे दाजी बघा, स्विस चाकूसुद्धा वापरतील पण दात आपल्या खराट्यानं कोरतील. मला केवढं कौतुक होतं त्याचं.”

मग तो बराच वेळ काही बोलला नाही. मामी चहा ठेवून गेली, त्यावर साय आली. मग तो उठला, कपाट उघडले, खणातून स्वतःचा चाकू काढला. त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेला, जोडीतला दुसरा. नखाने दातकोरणे ओढून माझ्या हातावर ठेवले. कोरे होते.

“घे. मला कवळी आहे, कोरायला काय!”

मी चाकूकडे बघत होतो हे त्याने पाहिले असावे. “चाकू मिळणार नाही,” तो म्हणाला. “आंब्याला लागतो मला.”

गेल्या महिन्यात मुलीने माझ्यासाठी नवा चाकू घेतला, अगदी अप्पांच्यासारखा. मी चष्म्याची डबी घेऊन बसलो. पण नव्या चाकूच्या खाचा रिकाम्या कशा असतील? चिमटा त्याचा होता, दातकोरणेही त्याचे होते. सौ. म्हणाली, “झालं आता. मिटवा ती डबी.” मी नवे दातकोरणे काढून डबीत मामाच्या दातकोरण्याशेजारी ठेवले आणि त्या खाचेत अप्पांचा हीर घालून पाहिला.

अर्ध्यात अडतो. उद्या पॉलिश पेपर आणायला हवा.